क्रूसापर्यंतची चाल

काल फादरांनी कपाळाला राख लावली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या पाती हातात धरून आम्ही देवळात गेलो (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), त्या वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचलेल्या असतात. त्याच परत न्यायच्या, तिथे त्या जाळतात, आणि त्यांची राख आपल्याच कपाळाला येते. मी ती पुसत नाही. घामाने जाईल तेव्हा जाईल.

उपवासकाळ लागला. आता ईस्टरपर्यंत भुईगावात लग्न नाही, वाजतगाजत काही नाही. कोणी मटण सोडतो, कोणी दारू सोडतो आणि तोंड कडू करून फिरतो. बावखलाचं, वाडीतल्या तळ्याचं, पाणी पायरी पायरीने खाली जायला लागलंय. वाडीत शेवग्याच्या शेंगा लोंबताहेत, आंबा मोहोरलाय, आणि दुपारी समुद्रावरून वारा फिरला की त्या मोहोराच्या वासात सुकत घातलेल्या बोंबलांचा वास मिसळतो. परक्या माणसाला तो वास सोसत नाही. मला तोच हवा असतो. पण ज्या वर्षी सुनेला घेऊन विरारच्या दवाखान्यात जाऊ लागलो, त्या वर्षापासून हा वास आला की मला तो दवाखाना आठवतो. दवाखान्याला स्वतःचा वास नव्हताच. सगळं बंद, गार, आणि पुसून काढलेलं.

राख लावून घरी आलो आणि क्लॅरनेटचा डबा उघडला. आत जुनी मखमल, खोबरेल तेल आणि माझी थुंकी यांचा मिळून एक वास आहे. ज्याने जन्मभर फुंकण्याचंच काम केलं त्याला त्याची लाज नाही. मी शाळा तिसरीत सोडली. कागदावरचे सूर मला वाचता येत नाहीत. वाचणारे पुष्कळ बघितले. कागद वाऱ्याने उडाला की उभे राहतात भुतासारखे. माझं सगळं बोटांत आहे. बापाने दिलं, मी धरलं. नेल्सनने, माझ्या मुलाने, धरलं नाही. त्याला मी दोष देत नाही. मी त्याच्या मुलाची वाट बघत होतो.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावच्या बँडकडे चाली दोन जातीच्या. एक लग्नाच्या, दुसऱ्या मातीच्या. सणाच्या मिरवणुकीला लग्नाच्याच जरा सोवळ्या करून वाजवायच्या. तिसरी जात आम्हाला कोणी शिकवली नाही. लग्नाची चाल उघड्या रस्त्यासाठी केलेली असते. ती हळू वाजवली तर ताप आलेल्या माणसासारखी वाटते. मातीची चाल मुळातच खालच्या सुरात, लांब श्वासाची. शवपेटी खांद्यावर घेतलेल्या माणसांच्या पावलाला पाऊल लावून ती चालते. ती दारात उचलायची. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे सगळे थांबतात, प्रार्थना होते, खांदे बदलतात. तिथवर तिचा पहिला भाग. क्रूसापासून देवळापर्यंत दुसरा. आणि खड्ड्यापाशी, लोक मूठ मूठ माती टाकत असताना, शेवटचा.

दारात उचललेली चाल खड्ड्यापाशीच खाली ठेवायची, हा नेम. पाऊस येवो, वाजवणाऱ्याला चक्कर येवो. अर्धी सोडली तर गेलेलं माणूस वाटेतच राहतं, असं आमचे जुने म्हणायचे. फादर हे मानत नाहीत. मीही मानतो असं नाही. पण मी कधी अर्धी सोडलेली नव्हती.

जसिंता माझी सून. शेजारच्या गावची, वाडीत वाढलेली, फुलं खुडायला बसली की तिच्या हाताला डोळे आहेत असं वाटावं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा दोघांनी विरारचा दवाखाना धरला. वसईतला नको, वसईतल्या दवाखान्यात दर दुसरी नर्स आपल्या गावची. फादरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. नेल्सनची नोकरी मुंबईला, तो रजा टाकून किती टाकणार? माझी बायको रोझी वारलेली. जसिंताच्या आईला गुडघ्यांनी उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. तेव्हा उरलो मी. सासऱ्याने सुनेला असल्या दवाखान्यात न्यायचं ही कुठली रीत? पण मी रिक्षा सांगितली आणि पुढे बसलो.

त्या बाकांवर बायका कशा बसलेल्या असायच्या ते मला सांगता येत नाही. परीक्षेला बसलेल्या पोरींसारख्या म्हणावं तर परीक्षेला उत्तर तरी आपण लिहितो. कोणी कोणाकडे बघत नसे. फक्त कराडकडच्या एक बाई, सुनेला घेऊन यायच्या, त्यांचं तोंड चालू. "पाय हलवू नगंस. पाय हलवून हलवूनच समदं जातंय तुजं." सून बिचारी पाय घट्ट धरून बसायची. आमच्या जसिंताचं नाव पुकारलं की हिचे हात बर्फ. सिस्टरला शीर सापडायची नाही. इकडे टोच, तिकडे टोच. वर छतात स्पीकर, त्यातून दिवसभर पावा. मनाला शांती मिळावी म्हणून लावलेला.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मॅडम, हा पाव्याचा माणूस श्वास कधी घेतो?"

त्या चांगल्या होत्या, वयाने लहान, थकलेल्या. हसल्या. "काका, रेकॉर्डिंग आहे ते."

"तेच म्हणतोय. जो श्वास घेत नाही त्याचं ऐकून माणूस कसा श्वास घेईल? ह्या बायका बघा, सगळ्या श्वास धरून बसल्यात."

"मग तुम्ही वाजवता का काही?"

मी वाजवतो का काही! पुढच्या खेपेला डबा घेऊन गेलो. त्यांनी अटी घातल्या: हळू, संथ, आणि बाळाबिळाचं एकही गाणं नको. पाण्याच्या कूलरपाशी कोपऱ्यात मला खुर्ची दिली. मी फुंकल्याबरोबर त्या धावत आल्या.

"काका, प्लीज, आवाज जरा कमी."

"ह्याला बटण नाही मॅडम. ओठ आहेत. लागू द्या जरा."

आणि मग मी हळू काय ते शोधायला लागलो, तर बोटं आपणहून मातीच्या चालीवर गेली. उपवासकाळ होता. त्या दिवसांत बोटांत दुसरं काही नसतंच. दारातून उचलली आणि वाजवत गेलो. कूलरची घरघर, एसीचा वारा, आणि मला दिसत होती आमची गल्ली, दोन्ही बाजूंना जास्वंदीचं कुंपण, पुढे खांद्यावर हलणारं काळं लाकूड. क्रूसापाशी पोचलो आणि थांबलो. पुढे नाही गेलो. पुढे जाणं बरं नव्हे एवढं तिसरी शिकलेल्यालाही कळतं. श्वास घेतला, परत दारात आलो, परत क्रूसापर्यंत. असाच फिरत राहिलो, दार ते क्रूस, क्रूस ते दार.

सिस्टर नंतर म्हणाली, आज शीर पहिल्या सुईत मिळाली. कराडच्या बाई गप्प बसल्या हे तर सगळ्यांनीच बघितलं. थोड्या वेळाने त्या माझ्याजवळ आल्या.

"लई ग्वाड वाजवतासा बाबा. ह्यो कंचा अभंग म्हनायचा?"

"आमच्या देवळातला आहे."

"मग देवाचाच की."

मी मान हलवली. खोटं कुठे बोललो? चार माणसं जड ओझं घेऊन एका पावलाने चालावीत म्हणून ज्याने ती चाल बांधली त्याने माणसाचा श्वास ओळखूनच बांधली. त्या बाकांवरच्या बायकांच्या खांद्यावरही होतंच की काहीतरी. सुराला काय माहीत त्याला कुठे नेलंय? मी आजही हे म्हणतो. कोणी वाद घालायला येणार असेल तर ओटीवर बसलेला असतो.

त्यानंतर मी आठवड्याला जाऊ लागलो. जसिंता तेव्हा बहुतेक वेळ आतच असायची, सोनोग्राफी, नाहीतर वरच्या मजल्यावर तपासणी. तिने नीट बसून ऐकलं नव्हतं. ऐकलं ते थेट त्या दिवशी, ज्या दिवशी बाहेर तयार केलेला गर्भ तिच्या पोटात ठेवायचा होता. आतल्या खोलीचं दार माझ्या खुर्चीच्या जवळ. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "काका, आज सूनबाईंसाठी वाजवा, दार थोडं उघडं ठेवते." मी रीड, म्हणजे क्लॅरनेटच्या तोंडाला लागते ती बोरूची पत्ती, नवी लावली होती. असा सूर लागला होता की मलाच वाटलं, रोझी ऐकत असेल.

परतताना रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे बघून घे. तो इतका हळू घ्यायला लागला की मागचे हॉर्न मारून शिव्या घालत होते. जसिंता दोन्ही हात पोटावर ठेवून बसलेली. आगाशीच्या बाजारात एसटी आडवी आली आणि रिक्षा थांबली. बाहेर कोणी केळ्यांचा घड उतरवत होतं.

"पप्पा," ती मागून म्हणाली, "ते आमच्या पप्पांना वाजवलं होतंत ना तुम्ही?"

"कुठलं?"

"आता कुठलं म्हणून विचारू नका."

मी वळून बघितलं नाही. "डॉक्टरबाईंनी हळू मागितलं. माझ्याकडे हळू तेवढंच आहे."

"आत माझ्या पोटात ठेवत होते पप्पा. आणि बाहेर तुम्ही मातीचं वाजवत होतात."

"मी क्रूसाच्या पुढे गेलो नाही."

"ते मला कळलं. मी आडवी पडून वाट बघत होते, आता पुढचं येईल, आता येईल. तुम्ही येतच नव्हतात. परत दारात. परत दारात."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मला राग आला. "तुझ्या बापाच्या मातीला लोक म्हणाले, असं वाजवलेलं कधी ऐकलं नाही."

"हो," ती म्हणाली. "मी पण म्हणाले होते."

एसटी गेली. रिक्षा परत खड्डे बघत निघाली.

मग ते थांबायचे दिवस. दवाखान्याने सांगितलेलं, जास्त वाकू नका, विचार करू नका. वाकू नका हे समजतं. ती ओटीवर बसून राहायची आणि सोनचाफा झाडावरच सुकून गळायचा. खुडायला मी जायचो, पण माझ्या हाताने देठ तुटतात. घरात सगळे हळू चालायचो. नेल्सन कामावरून आला की चपला बाहेर काढून पायऱ्या चढायचा, जसं काही कोणी झोपलंय. मीही मनात म्हणायचो, झोपलं असेल तर झोपू दे.

आम्ही ख्रिस्ती माणसं शकुन-अपशकुन मानत नाही. हे देवळात. घरी मांजर आडवं गेलं तर रोझी परत येऊन पाणी प्यायची आणि मगच जायची. मी तिला हसायचो. त्या दिवसांत मात्र माझी बोटं मांडीवर आपोआप हलायची आणि मी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवायचो.

इनासला सांगितलं. इनास आमच्या बँडचा ढोल, माझ्या वयाचा. बावखलाच्या काठावर बसलो होतो. त्याने विडी तोंडातून काढली.

"पास्कू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बाळाच्या दवाखान्यात मातीचं?"

"मग काय वरातीचं वाजवू? त्या बायका उठून नाचतील?"

"नाचू देत की. निदान..."

"निदान काय?"

इनासने पाण्यात खडा टाकला. पाणी इतकं खाली गेलं होतं की खडा पडल्याचा आवाज उशिरा आला. "काही नाही," तो म्हणाला. "तुझी रीड बदल."

रिपोर्ट नेल्सनच्या फोनवर आला. मला कोणी वाचून दाखवला नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बराच वेळ चालूच राहिला, तेवढ्यावरून कळलं. नेल्सन ओटीवर आला, माझ्या शेजारी बसला, आणि समोर कुंपणाकडे बघत म्हणाला, "पप्पा, ह्यापुढे तो डबा घरी ठेवा."

मी म्हणालो, "ठेवतो." एवढंच. माफी मागण्यासारखं काही मी केलेलं नाही असं मला तेव्हाही वाटत होतं. पण डबा कपाटावर टाकला आणि वरून जुनी चादर घातली. दवाखान्यातून दोनदा फोन आला, बायका विचारताहेत. उचलला नाही.

एक गोष्ट मात्र मला चावत राहिली, आणि ती अपशकुनाची नव्हे. आमच्या गावात मेलेल्याला एकटं पाठवत नाहीत. घंटा वाजते, ती ऐकून वाडीतला माणूस हातातलं फावडं टाकतो. शेजारपाजारचे जेवण घेऊन येतात, त्या घरात चूल पेटू देत नाहीत. ज्याच्याशी बांधावरून भांडण असतं तोही खांदा द्यायला येतो. आणि इथे? जे आलंच नाही ते गेलं असं सांगायचं कोणाला? दुसऱ्या सकाळी जसिंता टोपली घेऊन वाडीत गेली, उरलेली फुलं खुडली, दादरला जाणाऱ्या फुलवाल्याकडे दिली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, चेहरा उतरलाय?" ही म्हणाली, "ऊन लागलं." बस्स. घंटा नाही, खांदा नाही, ऊन लागलं.

गुड फ्रायडे जवळ आला होता. देवळातल्या घंटा मुक्या होऊन लाकडी खटखट्या वाजायचे दिवस. दवाखान्यात एकदा दाखवून जायला बोलावलं होतं. नेल्सनने रजा काढली होती. निघताना जसिंताने कपाटावरची चादर ओढली आणि डबा माझ्या हातात दिला.

"कशाला?" नेल्सन म्हणाला.

"तू थांब जरा," ती त्याला म्हणाली.

दवाखान्यात कराडच्या बाईंनी लांबूनच हात केला. "आलासा व्हय बाबा? किती दिस झालं. ह्यो वरचा पावा ऐकून माजं डोस्कं उठलं." त्यांची सून तशीच, पाय घट्ट धरून.

जसिंता माझ्या खुर्चीशेजारी बसली. म्हणाली, "सगळं वाजवा. दारापासून खड्ड्यापर्यंत."

"इथे नको. घरी वाजवतो."

"घरी गाव ऐकेल. विचारतील, कोण गेलं?" मग हळू म्हणाली, "आणि ते गेलं ते इथेच, पप्पा. वाटेत ठेवलंय तुम्ही त्याला."

मी हट्टी माणूस. म्हणालो, "जसिंता, मातीच्या चालीला गेलेलं माणूस लागतं."

"तुम्हाला लागतं," ती म्हणाली. "मला नाही लागत."

मी दारातून उचलली. क्रूसापाशी आलो, श्वास घेतला, आणि पुढे गेलो. दुसऱ्या भागात सूर वर चढतो, तिथे देवळाचा रस्ता जरा चढाचा आहे ना. नेल्सन भिंतीला टेकून उभा होता, तो हळूहळू खाली बसला. खड्ड्यापाशी आलो तेव्हा डोळे मिटून घ्यायची माझी सवय, पण मिटले नाहीत. शेजारी जसिंताने मांडीवरचा हात पुढे केला. मूठ बंद होती. शेवटचा सूर लांब असतो, सगळ्यांची माती टाकून होईपर्यंत तो धरायचा. मी धरला. तिने मूठ उघडली. आत काहीच नव्हतं, तरी माती पडताना बघावी तशी ती खाली बघत राहिली.

कराडच्या बाईंना काही ठाऊक असायचं कारण नाही. पण त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने सुनेचे घट्ट धरलेले पाय सोडवले. डॉक्टरीणबाई दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, आज जरा जास्तच उदास झालं."

"हो मॅडम. आज पुरं झालं."

त्यानंतर अजून एकदा नेल्सन आणि जसिंता त्या उपचाराच्या वाटेने गेले. त्याचंही तसंच झालं. आता पुढे जायचं की नाही, हे रात्री जेवणानंतर ओटीवर हळू आवाजात चालू असतं. मला विचारत नाहीत. मीही विचारत नाही, आणि मला हे जमतंय ह्याचं मलाच नवल वाटतं.

दवाखान्यात मी आजही जातो. कराडच्या बाई येत नाहीत. का येत नाहीत, चांगल्यासाठी की दुसऱ्या कशासाठी, ते सिस्टर सांगत नाही. बाकांवर नव्या बायका असतात. त्यांना मी दार ते क्रूस एवढंच वाजवतो. आज एकजण म्हणाली, "काका, तुम्ही मध्येच थांबता. पुढे नाही का काही?" मी म्हटलं, "आहे. पण ते तुमचं नव्हे."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा जसिंता ओटीवर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळावरची तिची राख पुसली गेली होती, माझी होती अजून थोडी.

"गेला होतात?"

"गेलो होतो."

"कुठवर वाजवलंत?"

"क्रूसापर्यंत."

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्यांची वाट आहे अजून."

शेंगेची साल लांब निघाली, ती तिने बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"आमची आहे का पप्पा?"

मला प्रत्येक गोष्टीला उत्तर येतं, असं रोझी म्हणायची, आणि ते ती कौतुकाने म्हणत नसे. मी डबा उघडला, रीड काढली, आणि उद्या वाजवायचं नसतानाही तोंडात धरून ओली करत बसलो.